टॅपेटखालचं चाक

वाशिम-रिसोडकडच्या एखाद्या जुन्या ट्रॅक्टर मिस्त्रीसमोर इंजिन चालू करा. बॉनेट उघडायच्या आधीच तो सांगेल, “भाऊ, टॅपेट वाजून राह्यलं.” मग वरचं झाकण निघतं, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या फटीत फिलर गेजची पाती सरकते, लॉकनट सैल होतो, स्क्रू जरासा फिरतो आणि टकटक थांबते. त्याच इंजिनाच्या बाजूला डिझेल पंप असतो. त्याला मात्र हा मिस्त्री सहसा हात लावत नाही. तो उतरवून ‘पंप-नोझल’वाल्याच्या दुकानात पाठवला जातो.

दोन्हीकडची यंत्रणा एकाच कुळातली. कॅम फिरतो, त्याचा फुगवटा टॅपेटला वर ढकलतो. फरक आहे तो टॅपेटच्या तळाशी. जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरमध्ये व्हॉल्व्हच्या टॅपेटचा तळ सपाट असतो आणि तो कॅमवर घासत चालतो. ओळीत प्लंजर असलेल्या डिझेल पंपात मात्र टॅपेटखाली पिनेवर फिरणारं चाक असतं. हाच रोलर टॅपेट. अमेरिकेतले रेसचे शौकीन जो भाग बसवला की चारचौघांत सांगतात, तो आपल्याकडे सोयाबीनच्या पेरणीला निघालेल्या ट्रॅक्टरात कधीचा आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पंपात चाक का, हे भार पाहिला की कळतं. व्हॉल्व्हच्या टॅपेटला मुख्यतः स्प्रिंगशी झुंजायचं असतं. पंपाच्या टॅपेटला कोंडलेल्या डिझेलशी. नोझल उघडतो तोच मुळी दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपासच्या दाबाला, आणि तो दाब कॅमच्या काही अंशांच्या फिरण्यात तयार व्हावा लागतो. एवढ्या जोराने आणि एवढ्या चटकन सपाट तळ घासत राहिला, तर कॅमचं नाक टिकणार नाही. जर्मनीच्या बॉशने १९२७ मध्ये डिझेल पंपांचं कारखानी उत्पादन सुरू केलं. आपल्याकडे हे घराणं ‘मायको’ नावाने आलं, १९५१ मध्ये बंगळूरला. १९६९ मध्ये नाशिकला नोझल-इंजेक्टरचा कारखाना निघाला. कंपनीचं नाव पुढे बदललं, पण विदर्भातल्या पंपवाल्यांच्या तोंडी ती आजही ‘मायको’च आहे.

चाकाचं कूळ डिझेलहूनही जुनं आहे. साध्या यंत्रमागाखाली वाकून पाहिलं तर ते दिसतं. ताण्याचे धागे वर-खाली करणारी चौकट एका दांडीने हलते, दांडीला कॅम दाबतो, आणि कॅम जिथे टेकतो तिथे दांडीत एक चाकी बसवलेली असते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढे भिवंडी आणि मालेगावात असे माग हजारोंनी खडखडले. (हे मालेगाव नाशिकचं. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात माग शोधत जाऊ नये.) तिथल्या कामगारांना चाकीचं नवल नव्हतं, ती झिजली की कापड बिघडतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

विदर्भाच्या डोक्यावरूनही रोलर टॅपेट रोज रात्री उडत होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमत, थैल्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. ही विमानं डकोटा जातीची होती. डकोटाच्या ट्विन वास्प इंजिनात चौदा सिलिंडर दोन कड्यांत मांडलेले, प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह. म्हणजे एका इंजिनात २८ टॅपेट, विमानात ५६, आणि सगळे चाकाचे. अशा मोठ्या विमानांच्या इंजिनात खर्चापेक्षा भरवसा मोठा, त्यामुळे तिथे हा प्रश्न लवकर सुटला.

मोटारगाड्या मात्र सपाट टॅपेटला चिकटून राहिल्या. माझ्या मते त्यात कंजूषपणापेक्षा कारागिरी जास्त होती. सपाट म्हणतात तो तळ खरं तर किंचित फुगीर घासलेला असतो, कॅमचा माथा केसभर उतरता असतो, आणि टॅपेटचं भोक कॅमच्या मध्यापासून थोडं बाजूला असतं. त्यामुळे कॅम फिरला की टॅपेट स्वतःभोवतीही फिरतो आणि झीज एका जागी साचत नाही. तो फिरायचा थांबला की थोड्याच वेळात कॅमही जातो. रोलरचा नियम याच्या बरोबर उलट. तो आपल्या भोकात जराही वळता कामा नये, नाहीतर चाक कॅमवर आडवं येईल. म्हणून त्याला खाच, मार्गदर्शक पट्टी किंवा शेजारच्या टॅपेटशी जोडणारी दांडी द्यावी लागते.

सपाट तळाला एक मर्यादा भूमितीनेच घातली आहे. टॅपेट जितक्या वेगाने उचलला जातो, तितका कॅमचा टेकण्याचा बिंदू तळाच्या मध्यापासून बाहेर सरकतो. शेव्हरोलेच्या जुन्या व्ही-८ इंजिनात टॅपेटचा व्यास सुमारे २१.४ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या १०.७. हिशेब केला तर कॅमच्या एका अंशाला ०.१९ मिलिमीटरच्या आसपास उचल, याच्या पुढे जाता येत नाही. गेलात तर कॅम तळाच्या कडेवर चढून ती खरवडायला लागतो. व्हॉल्व्ह झटकन उघडून जास्त वेळ उघडा ठेवायचा असेल, तर एकतर टॅपेट जाड करा किंवा खाली चाक लावा. कॅलिफोर्नियात चेट हर्बर्ट यांनी १९५०च्या सुमारास दुसरा रस्ता धरला. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या या माणसाचे रोलर कॅम शर्यतीच्या इंजिनांत गाजले. कारखान्यांना मात्र पस्तीस वर्षं लागली: १९८५ मध्ये फोर्ड मस्टँगच्या पाच लिटरच्या व्ही-८ मध्ये आणि १९८७ मध्ये शेव्हरोलेच्या ३५० मध्ये रोलर आले. तिथे कारण वेगाचं कमी आणि घर्षण घटवून पेट्रोल वाचवण्याचं जास्त होतं.

तेलाचीही एक गोष्ट झाली. सपाट टॅपेटला इंजिन ऑइलातल्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचा आधार असतो. ते धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, म्हणून २००४ च्या ‘एपीआय एसएम’ दर्जापासून पेट्रोल इंजिनांच्या पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणला गेला. रोलरला त्याची फिकीर नव्हती. सपाट टॅपेटचं जुनं इंजिन नवा कॅम घालून बांधणाऱ्यांचे कॅम मात्र पहिल्याच दिवशी जायला लागले.

आपल्याकडे ही सगळी कथा बुलेटमध्ये पाहता येते. बिडाच्या सिलिंडरची बुलेट ज्यांनी सांभाळली, त्यांना टॅपेट सेट करणं शिकवावं लागत नाही: इंजिन थंड, टॅपेट आणि रॉकरमधला पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिलर गेजसुद्धा लागत नाही. २००८ मध्ये त्याच कंपनीच्या थंडरबर्ड ट्विनस्पार्कबरोबर नवं इंजिन आलं आणि त्यात हायड्रॉलिक टॅपेट, पायाशी चाक असलेले. तेलाच्या दाबाने ते आपली फट आपणच भरतात. बोटांची ती कला संपली.

आता कुणी हीच बुलेट जास्त ताकदीची करायला घेतली, तर पहिला प्रश्न टॅपेटचा नसतो, इंजिन किती फेऱ्यांपर्यंत पळवायचं याचा असतो. त्यावर स्प्रिंग ठरते आणि स्प्रिंगवर टॅपेट. हायड्रॉलिक रोलर रोजच्या वापराला उत्तम; पण तो जड असतो, आणि फार वरच्या फेऱ्यांवर त्यातलं तेल व्हॉल्व्हला नीट बसू देत नाही किंवा दाबाखाली निसटतं. तिथे भरीव रोलर लागतो. त्याला फट ठेवावी लागते, टणक स्प्रिंग लागते, आणि मग चाकातल्या सुयांच्या बेअरिंगवर मार बसतो. म्हणून थेट पिनेपर्यंत तेल पोचवणारा रोलर घ्यावा. इंजिन नुसतं आयडलिंगवर असताना तेल कमी उडतं, आणि तेव्हा या बेअरिंगला जास्त धोका असतो.

सपाटावरून रोलरवर जाताना नुसते टॅपेट बदलून भागत नाही. कॅमचा आकार वेगळा लागतो, कॅम बिडाऐवजी पोलादाचा लागतो, आणि रोलर टॅपेट उंच असल्याने पुशरॉडही आखूड लागतो. वापरलेला रोलर, पिनेत खेळ नसेल आणि चाकावर ओरखडा नसेल, तर नव्या कॅमवर खुशाल चालतो. वापरलेला सपाट टॅपेट नव्या कॅमवर कधीच ठेवू नये. तो त्याच्या जुन्या जोडीदाराशीच जमलेला असतो, म्हणून इंजिन खोलताना कोणता टॅपेट कुठला हे खडूने लिहून ठेवावं.