फळगळीचा गेम

अमरावती जिल्ह्यातल्या वरूडात संगणकाचे क्लास वाढले ते एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या कोर्समुळे. २००१ साली तो चालवणारी एमकेसीएल स्थापन झाली, पुढे सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले आणि गावात क्लासच्या पाट्या झळकल्या. मीही त्याच काळात शिकवायला लागलो. भारनियमन असे; लाइन आली की पोरे सायकल दामटत यायची, मग रात्रीचे दहा का वाजेनात.

फी मात्र जूनमध्येच मागितली जायची. संत्र्याच्या घरात जूनमध्ये पैसा कुठला? आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या आगेमागे जाते, मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. "सर, बगीचा इकला का भरतो," असे पोरे सांगायची. शेवटी मी हप्ते बहारावरच बांधले, तेव्हा कुठे अर्ध्यात क्लास सोडणे कमी झाले.

एमएस-सीआयटी आटोपली की पोरांना गेम करायचे असत. फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये एकाने झाडावरून गळणारी संत्री कॅरेटमध्ये झेलायचा गेम केला. फळगळ त्याने घरच्या बागेत पाहिलेली, म्हणून गेममध्ये झड लागली की फळे भराभर सुटत. तो वेग जमवायला त्याने कितीतरी संध्याकाळी घातल्या. १२ जानेवारी २०२१ पासून अडोबीने फ्लॅशच बंद पाडले. गेम ब्राउझरमध्ये उघडेना, आणि मूळ फाइल उघडायची तर महिन्याच्या भाड्याचे सॉफ्टवेअर. मेहनत पोराची, किल्ली कंपनीकडे! याची चीड मला आजही येते.

पुन्हा तेच होऊ शकते. २०२३ च्या सप्टेंबरात युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीने गेमच्या इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचे जाहीर केले. जगभर ओरड झाली, वर्षभराने माघार घेतली. उलट थ्री-डीचे सॉफ्टवेअर ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे, गेम इंजिन गोदो २०१४ पासून. गोदो पेनड्राइव्हवर मावते, जुन्या मशीनवरही छोटे गेम चालवते, नेटही लागत नाही. शिकवायचे ते यावर.

राहिला जागेचा प्रश्न. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, सगळ्या जातींच्या पोरांना एका छताखाली आणले. कारण खेड्यातल्या पोराला शाळेइतकीच राहायची सोय लागते, हे त्यांनी ओळखले होते. गेम शिकणाऱ्या पोराला तशीच मशीनची सोय लागते. आज कित्येक कॉलेजांच्या लॅबला पाच वाजता कुलूप लागते, अन् घरी संगणक नसलेले पोर मोबाइलवर कोड लिहीत बसते. ती लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा, कोर्स संपताना पोराच्या हाती त्याच्या गेमच्या मूळ फाइली द्या, आणि फीचा दुसरा हप्ता मृग बहार विकल्यावर मागा.