सीमा आपल्या दारात होती तेव्हा

टीव्हीवर परराष्ट्र धोरणाची चर्चा लागली की आम्ही बायका चॅनल बदलतो. दिल्लीतल्या गोष्टी, त्यांचा आमच्या चुलीशी काय संबंध? आपल्या जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

फोंडाघाटाहून कणकवलीला आलं आणि तिथून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की बांद्यापुढे पत्रादेवी येतं. १९६१ पर्यंत तिथे भारत संपायचा आणि पोर्तुगालची सत्ता सुरू व्हायची. सोयरिकी मात्र दोन्हीकडे होत्या. माहेर एका देशात, सासर दुसऱ्या.

गोवा सोडवायचा कसा, यावर देशभर वाद होता. नेहरूंचं सरकार जगाला शांततेचं धोरण सांगत होतं, त्यामुळे सैन्य पाठवायला तयार नव्हतं. लोक विचारत, अजून किती थांबायचं? १९५५ मध्ये सत्याग्रही हातात शस्त्र न घेता सीमा ओलांडू लागले. बायकाही मागे नव्हत्या. सुधाताई जोशींना त्या एप्रिलमध्ये म्हापशात अटक झाली आणि त्यांनी मोठा तुरुंगवास भोगला. १५ ऑगस्टला पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, कित्येकजण गेले. मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय यांनी तिरंगा धरून गोळ्या झेलल्या. त्या वाचल्या आणि १९५७ मध्ये खासदार झाल्या.

त्यानंतर भारताने पोर्तुगालशी संबंध तोडले. सीमेवरची ये-जा आणि व्यापार आवळला गेला. निर्णय दिल्लीत झाला, माहेरची वाट अडली ती इथल्या बाईची.

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन भारताविरुद्ध उभे राहिले. तो ठराव रशियाने नकाराधिकार वापरून अडवला.

मग घरातला वाद उभा राहिला. गोवा महाराष्ट्रात यावा की वेगळा राहावा? भाषा मराठी की कोकणी? १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. वाद कडवा होता, तरी निकाल मतपेटीतून लागला. त्यात बाईचं मत पुरुषाच्या मताएवढंच मोजलं गेलं.

म्हणून मैत्रिणींनो, 'बायकांना यातलं काय कळतं' असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नका. सीमा, भाषा, युद्ध यांची चर्चा निघाली की विचारा: याची झळ कुणाच्या घराला बसणार? तिला कुणी विचारलं का? गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की यावर बोलूया. कुणाच्या घरी गोव्याकडची आजी असेल, तर तिलाही बोलवा.