जामखेडचे शोषखड्डे

मोरीचं पाणी दारात साचू देऊ नये, हे आपण आज सहज म्हणतो. जामखेड तालुक्यात ते घरोघरी कुणी पोचवलं, यात मला जास्त रस आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. सांडपाण्याला शोषखड्डा केला की डासांना डबकंच उरत नाही. पिण्यासाठी हातपंप आले, आणि ते मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाणी हवं? मग तिकडेच जा! (शंभर भाषणांपेक्षा मला हे भारी वाटतं.) आरोग्य सेविका गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर, काही दलित. ज्यांच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, त्या जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, ते आयांना शिकवत होत्या.