रक्तातला हमाल

१९२२ साली हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांचा मुडदुसावरचा लेख इंग्लंडच्या एका वैद्यकीय त्रैमासिकात छापून आला. आपल्या मुंबई इलाख्यात त्यांना जे दिसले, ते बुचकळ्यात टाकणारे होते. उन्हातान्हात राबणाऱ्या, अर्धपोटी गरिबांत मुडदूस जवळजवळ नव्हता. तो होता खात्यापित्या घरांत. पडदा पाळणाऱ्या मुसलमानांच्या, आणि उच्चवर्णीय हिंदूंच्याही. यातला ‘ही’ मी मुद्दाम जोर देऊन म्हणतो. पडदा म्हटले की लोक आमच्या मोहल्ल्याकडे बोट दाखवतात. पण पनवेलच्या जुन्या वाड्यांतली माजघरे काही कमी अंधारी नव्हती. अशा घरांत वाढणाऱ्या मुलीची हाडे मऊ राहत, ओटीपोटाचा सांगाडा वेडावाकडा होई आणि पुढे बाळंतपण जिवावर बेते.

त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या तेलातला, मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला. तेच ‘ड’ जीवनसत्त्व. ऊन अंगावर पडले की ते कातडीतच तयार होते, हेही पुढे उलगडले. पण कातडीतले हे जीवनसत्त्व हाडापर्यंत जाते कसे? ते स्निग्ध, आणि रक्त पाणीदार. त्याला कोणीतरी पाठीवर घेऊन जायला हवे.

हा हमाल सापडला, पण कोणी त्याला ओळखले नाही. १९५९ साली स्वीडनमध्ये यान हिर्शफेल्ड यांना रक्तातले एक प्रथिन माणसागणिक निराळ्या प्रकारचे आढळले. त्याला ‘जीसी’ नाव पडले. प्रकार आईबापांकडून येतो, म्हणून मूल कोणाचे या वादात त्याची तपासणी होऊ लागली. बिचाऱ्याला साक्षीला उभे केले, पण तुझा कामधंदा काय, हे ठाऊक नव्हते! ते कळले १९७५ साली. डायगर, शानफील्ड आणि कावाली-स्फोर्झा यांनी दाखवले, की ‘ड’ जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन ते हेच.

रक्तातल्या ‘ड’पैकी सुमारे ८५ टक्के याच्या पाठीवर असते. बाकीचे बहुतेक अल्ब्युमिनकडे. मोकळे फिरणारे एक टक्काही नाही. यकृतात ‘ड’वर पहिला संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा. मूत्रपिंडाच्या गाळणीतून हा हमाल ओझ्यासकट खाली उतरतो, तेव्हा तिथल्या पेशी त्याला वाटेतच झेलतात. नाहीतर सगळा माल लघवीवाटे वाहून जाता. संस्कार झालेले ‘ड’ आतड्याला अन्नातला चुना उचलायला लावते. तो चुना बसला, की हाड घट्ट होते.

१९९९ साली हे प्रथिन अजिबात नसलेले उंदीर तपासले गेले. एरवी ते ठणठणीत होते. मात्र खाण्यातले ‘ड’ तोडताच त्यांची हाडे बिघडू लागली. म्हणजे हा नुसता हमाल नव्हे, कोठारवालाही आहे. वाईट दिवसांची बेगमी त्याच्यापाशी असते.

मग २०१९ साली कॅनडातल्या ५८ वर्षांच्या एका बाईंची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांच्यात या प्रथिनाचे जनुकच नव्हते. तपासणीत ‘ड’ जवळजवळ शून्य, पूरक गोळ्या घेऊनही तो आकडा हलेना. तरी कॅल्शियम ठीक, हाडे मऊ पडलेली नाहीत! काही हाडे मोडली होती, हेही खरे. जे थोडेसे ‘ड’ मोकळे फिरते त्यावरच पेशींचे बरेचसे भागत असावे, असा तर्क यातून निघाला.

आता पनवेलमध्येही ‘ड’ची तपासणी सर्रास होते. पडदा सुटलेल्या बायकाही फ्लॅट, लोकल, ऑफिस अशा सावलीतच फिरतात आणि कागदावरचा आकडा बघून घाबरतात. कमतरता पुष्कळांना खरोखरच असते, गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर घ्याव्यातच. फक्त तो आकडा मुख्यत्वे हमालाच्या पाठीवरचा माल मोजतो. हमाल किती आहेत, याचा रकाना त्या कागदावर सहसा नसतो.