जरा उठता का?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती पहिल्यांदाच दोन लहान मुलांना घेऊन विमानाने निघाली होती. म्हणाली, "मामा, आम्हा तिघांना एका रांगेत जागा नाही मिळाली तर दुसऱ्याला उठायला सांगितलेलं चालतं का हो? तुम्ही इतिहासवाले, तुम्ही सांगा."

आता ह्यात इतिहासाचा काय संबंध? पण तिने मलाच का विचारलं ते आमच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हसू दाबत विचारत होती लबाड.

प्रकरण 2024 च्या डिसेंबरातलं. मी आणि सौ. पुण्याहून बंगळुरूला लेकीकडे निघालो होतो. लेकीने बजावलं होतं, "बाबा, सीट निवडताना पैसे भरा, दोघांच्या जागा शेजारी घ्या." मी मनात म्हटलं, तिकिटाचे पैसे दिले ते काय उभं राहून जायला? शेजारच्या जागेचे वेगळे तीन-चारशे कशाला? नाही भरले. ही मास्तरी काटकसर. व्हायचं तेच झालं. हिला मिळाली अकराव्या रांगेतली मधली जागा आणि मला बाविसाव्या. विमान वर चढताना हिला माझा हात धरायला लागतो. म्हणून मी अकराव्या रांगेत गेलो. खिडकीशी एक विशीतला मुलगा कानात बोंडं घालून बसला होता. त्याला म्हटलं, "बाळ, जरा ऊठ, माझी जागा मागे आहे तिकडे बस."

त्याने एका कानातलं बोंड काढलं. "काका, ही विंडो मी पैसे भरून घेतलीये. तुमची कुठली आहे?"

मी म्हटलं, "मधली."

"मग सॉरी काका."

झालं. चाळीस वर्षं वर्गात ज्या आवाजात बोललो तो आवाज माझ्या आधी बाहेर पडला. आजकालची पिढी, संस्कार, वडीलधारे... सगळं झालं. मागे वाट अडलेली, लोक माना उंचावून बघताहेत. शेवटी हवाई सुंदरीने हात जोडून मला बाविसाव्या रांगेत नेऊन बसवलं. मुलगा अर्थातच हलला नाही.

विमानतळावर बॅगांची वाट बघत असताना सौ. म्हणाली, "तुम्ही त्याला विचारलंत कुठे? तुम्ही तर सांगितलंत." आणि दोन दिवस ह्या विषयावर काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. विमानात माणसाची अशी 'स्वतःची' जागा आली कधी, आणि ती मागण्याचा हा संकोच आपल्या गळ्यात कुणी टाकला? मग जमेल तसं वाचत गेलो. ते इथे लिहून ठेवतो, भाचीलाही उपयोगी पडेल.

वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी नेणारी पहिली विमानसेवा अमेरिकेत फ्लोरिडात सुरू झाली, 1 जानेवारी 1914 रोजी. सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा, खाडीच्या पलीकडे. पाण्यावर उतरणारं लाकडी विमान, वैमानिक टोनी जॅनस आणि शेजारी प्रवासी एक. फक्त एक! पहिल्या दिवशीच्या त्या जागेचा लिलाव झाला आणि गावचे माजी महापौर एब्राम फील ह्यांनी ती 400 डॉलरला घेतली. एरवी भाडं होतं 5 डॉलर. म्हणजे जागेसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची रीत विमानप्रवासाच्या पहिल्या दिवसाइतकीच जुनी निघाली. मला तीन-चारशे रुपयांचं दुःख! आपल्याकडे जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून जुहूला विमान घेऊन आले तेव्हा आत टपालाच्या थैल्या होत्या. थैल्या बिचाऱ्या कुठेही बसतात.

पुढे विमानं जरा मोठी झाली तेव्हा जागा ठरायची ती वजनावर. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर बॅगांबरोबर प्रवाशांनाही काट्यावर उभं करत. विमानाचा तोल राहावा म्हणून कुणाला पुढे, कुणाला मागे बसवत. आजही लहान विमानात कर्मचाऱ्यांना न विचारता जागा बदलू देत नाहीत, ते ह्याच कारणाने. तिथे शिष्टाचाराचा प्रश्न नाही, गुरुत्वमध्याचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे डाकोटा विमानं पुष्कळ आली. त्यांत एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक किंवा दोन खुर्च्या असत. म्हणजे प्रत्येक प्रवासी एकतर खिडकीशी, नाहीतर वाटेशी. मधली जागा हा प्रकारच नाही. आता बघा, सगळ्या भांडणाचं मूळ ही मधली जागा आहे आणि ती आली स्वस्ताईबरोबर. 1952 साली अटलांटिकवरच्या विमानांत 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला. कमी भाड्यात जास्त माणसं न्यायची म्हणून एका ओळीत पाच खुर्च्या, एका बाजूला तीन. मग आलं बोइंग 707, दोन्ही बाजूंना तीन-तीन. एअर इंडियाने ते 1960 साली घेतलं. आज आपण देशात ज्या विमानांतून हिंडतो त्यांत बहुतेक हीच मांडणी. 180 खुर्च्यांच्या विमानात 60 खुर्च्या मधल्या. दोन्ही बाजूंना कोपर टेकवायला दांडा असतो, पण त्यावर आधीच दोन परकी कोपरं. मी स्वस्त तिकिटाच्या विरुद्ध मुळीच नाही हं. ते नसतं तर निवृत्त मास्तर विमानात बसला असता कशाला? पण 'अदलाबदल करता का' ह्या विनंतीत खरा वाटा तिथून शिरला. खिडकी देऊन वाटेकडची घेतली तर फारसं काही बिघडत नाही. खिडकी देऊन मधली घ्यायची म्हणजे दान झालं.

त्या काळात ही देवाणघेवाण व्हायची कुठे? तर काउंटरवर. तिथल्या माणसासमोर विमानाचा पुठ्ठ्यावरचा नकाशा असायचा, प्रत्येक खुर्चीवर नंबराचं एक चिकट लेबल. आपण म्हणायचं, "आम्ही दोघं आहोत." तो दोन शेजारची लेबलं उचकटून पासांवर लावायचा. उशिरा येणाऱ्याला उरलेलं लेबल. म्हणजे कुटुंब एकत्र बसवणं हे कंपनीचं काम होतं. कुणाला नाराज करायचंच झालं तर ते काउंटरवाला करी, सहप्रवाशाला मध्ये पडावं लागत नसे.

धूम्रपानाचं उदाहरण तर वर्गात शिकवावं असं आहे. अमेरिकेत 1971 साली युनायटेड कंपनीने न ओढणाऱ्यांसाठी वेगळा भाग केला, आणि 1973 मध्ये तिथल्या सरकारी मंडळाने तो सगळ्या कंपन्यांवर बंधनकारक केला. त्याआधी काय? "साहेब, जरा ती विझवता का?" असं प्रत्येकाने शेजाऱ्याला भीत भीत विचारायचं. नियम आला आणि विचारणं संपलं. पुढे 1988 मध्ये दोन तासांपर्यंतच्या देशी उड्डाणांत आणि 1990 मध्ये जवळजवळ सगळ्याच देशी उड्डाणांत तिथे बंदी झाली, तेव्हा तो भागही गेला.

आपल्या रेल्वेनेही हे केलं आहे. मधल्या बर्थवरच्याने कधी झोपायचं आणि खालच्याला कधी बसू द्यायचं ह्याचा चक्क लेखी नियम आहे. पूर्वी रात्री 9 ते सकाळी 6, आणि 2017 पासून 10 ते 6. आजारी माणूस, अपंग, गरोदर बाई असेल तर इतरांनी सांभाळून घ्यावं असंही त्यात लिहिलं आहे. वर काळ्या कोटातला टीसी असतोच. एसटीची तऱ्हा वेगळी. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) पहिली गाडी सुटली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचा कायदा त्यानंतर कधी झाला कोण जाणे, पण तो सरकारी कायद्यापेक्षा कडक आहे. विमानातही हा प्रयोग झाला होता. आपल्या एअर डेक्कनने 2003 मध्ये सुरुवात केली ती नंबर न देता, जो आधी येईल त्याची जागा. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने हीच पद्धत 1971 पासून चालवली आणि 2026 च्या जानेवारीत सोडली.

कारण उघड आहे. जागा विकता येते. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना पसंतीच्या जागेचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी दिली. तेव्हापासून काउंटरवरचा तो लेबलं उचकटणारा माणूस गेला म्हणा ना. दोघांना शेजारी बसवायचं ते आता पैसे भरून, नाहीतर नशिबाने, नाहीतर विमानात चढल्यावर परक्या माणसाला गळ घालून. काम कंपनीचं होतं, संकोच आपल्या वाट्याला आला. ह्याच्यातून कुटुंबांची इतकी ओढाताण झाली की 2024 च्या एप्रिलमध्ये महासंचालनालयाला आदेश काढावा लागला, 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईच्या नाहीतर वडिलांच्या शेजारी जागा द्या म्हणून. (भाचीबाई, हे तुझ्यासाठी. विमानात चढायच्या आधी काउंटरवर माग. ती मेहेरबानी नाही.)

इथवर वाचून मला बरंच बरं वाटलं होतं. चूक कंपनीची, व्यवस्थेची! पण सौ.चं वाक्य काही जाईना. विचारलंत कुठे, सांगितलंत.

मग गांधीजींचं आत्मचरित्र काढलं. पीटरमॅरिट्झबर्गचं स्टेशन, 7 जून 1893, हे मी इतकी वर्षं शिकवलं. एका गोऱ्या प्रवाशाला त्यांच्याबरोबर बसायचं नव्हतं, तो जाऊन अधिकाऱ्यांना घेऊन आला आणि अधिकाऱ्यांनी त्यांना सामानाच्या डब्याकडे जायला सांगितलं. ते उठले नाहीत म्हणून त्यांना ढकलून उतरवलं. पण त्याच प्रवासात पुढे चार्ल्सटाउनहून घोड्यांची गाडी होती, त्या प्रसंगावर मी वर्गात फार थांबत नसे. गांधीजींना आत न बसवता बाहेर गाडीवानाच्या शेजारी बसवलं होतं. दुपारी गाडीच्या गोऱ्या प्रमुखाला तीच जागा हवीशी झाली, हवा खायला आणि विडी ओढायला. त्याने पायरीवर एक मळकं गोणपाट अंथरलं आणि तिथे बसायला फर्मावलं. गांधीजी नाही म्हणाले. त्याने मारलं. ते पितळी दांड्याला घट्ट धरून राहिले. शेवटी आतले प्रवासी मध्ये पडले आणि त्याला थांबावं लागलं.

आणि मग त्याने काय केलं? गाडीवानाच्या दुसऱ्या बाजूला एक आफ्रिकी नोकर बसला होता. त्याला पायरीवर बसवलं आणि त्याची जागा घेतली. आत्मचरित्रात हे एका ओळीत आहे. त्या नोकराचं नाव नाही. तो काही बोलल्याचं नाही. इतकी वर्षं मी ही ओळ वाचत होतो आणि कधी थांबलो नव्हतो.

विमानातलीही अशी एक गोष्ट आहे. डिसेंबर 2015, अमेरिकेतल्या नेवार्कहून तेल अवीवला जाणारं एल अल कंपनीचं विमान. रेनी राबिनोविट्झ, वय 81, निवृत्त वकील, लहानपणी नाझींपासून जीव वाचवून युरोपातून निसटलेल्या. शेजारी एक कर्मठ ज्यू गृहस्थ आले. परक्या बाईशेजारी बसणं त्यांना धर्माने चालत नव्हतं. ते त्यांना काही बोलले नाहीत, कर्मचाऱ्याशी बोलले. कर्मचाऱ्याने येऊन बाईंना पुढची 'जास्त चांगली' जागा देऊ केली. बाई काठी टेकत उठल्या आणि गेल्या. मागाहून त्यांना ते लागलं. त्यांनी दावा लावला, आणि 2017 च्या जूनमध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने निकाल दिला की शेजाऱ्याला बाई किंवा पुरुष नको आहे एवढ्यासाठी कर्मचाऱ्यांनी कुणालाही जागा बदलायला सांगता कामा नये. पुढे 2020 मध्ये त्या वारल्या.

गणवेशातला माणूस गोड आवाजात 'उठता का' म्हणतो तेव्हा ते विचारणं राहत नाही. नकार देणं जवळजवळ अशक्य असतं, एक्क्याऐंशीव्या वर्षी तर फारच. मी माझ्याकडे बघितलं. मला गणवेश नव्हता. पांढरे केस होते आणि तो वर्गातला आवाज होता. त्या मुलाने दांडा धरून ठेवला म्हणायचं.

आणि तो उठला असता तर काय झालं असतं? वरच्या ओळी लिहिताना आठवलं, वर्गात मागे बसणाऱ्या मुलांना मी किती वेळा म्हटलं असेल, "ऊठ, त्याला बसू दे." ती उठली. सगळी उठली. मी त्याला शिस्त म्हणत होतो.

असो. सौ.चं सांगायचं राहिलं. विमान वर चढताना तिने शेजारच्या बाईंचा हात धरला म्हणे. धारवाडच्या होत्या, मराठी छान येत होतं. उतरेपर्यंत दोघींनी मेथीच्या पिठाची कृती एकमेकींना सांगितली. तो मुलगा कानात बोंडं घालून झोपला होता, आणि उतरताना हिची पिशवी वरून त्यानेच काढून दिली. हे मला तिने तिसऱ्या दिवशी सांगितलं.

परत येताना मी पैसे भरले. दोघांचे मिळून सातशे रुपये. खिडकी तिला दिली आणि मी मधल्या जागेत बसलो. विमान वर चढलं, तिने माझा हात धरला आणि ढगांच्या वर जाताच सोडून दिला. मग खिडकीला डोकं टेकून पुणे येईपर्यंत झोपली. माझ्या उजव्या कोपराला त्या दिवशी कुठेच जागा मिळाली नाही.