नऊ शास्त्रज्ञांचे निवेदन

संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटांतील नवलाईच्या वस्तूच आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण जेव्हा ते संशोधनाचेही स्थान असते, तेव्हा त्याची दिशा कोणी ठरवावी, हा प्रश्न उपस्थित होतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमपुढे तो मोठ्या तीव्रतेने उभा राहिला.

सर हॅन्स स्लोन या वैद्याचा संग्रह राष्ट्राने त्याच्या वारसांकडून २०,००० पौंडांना घेतला आणि १७५३ साली पार्लमेंटच्या कायद्याने हे संग्रहालय स्थापन झाले. कारभार विश्वस्तांच्या हाती होता. कँटरबरीचे आर्चबिशप, लॉर्ड चॅन्सेलर आणि कॉमन्स सभेचे अध्यक्ष हे त्यांतील प्रमुख. संस्थेच्या मुख्याधिकाऱ्याचे पदनामच मुळी ‘मुख्य ग्रंथपाल’ असे होते. ग्रंथांच्या आणि शिल्पांच्या या घरात प्राणी, वनस्पती व खनिजे आश्रितासारखी नांदत होती. १८५६ साली त्यांची देखरेख रिचर्ड ओवेन या विख्यात शरीररचनाशास्त्रज्ञाकडे आली. तथापि शेवटचा शब्द विश्वस्तांचाच राहिला.

जागा अपुरी पडू लागली तेव्हा हे संग्रह अन्यत्र हलविण्याची चर्चा सुरू झाली. १८५८ च्या नोव्हेंबरात नऊ शास्त्रज्ञांनी अर्थमंत्री डिझरेली यांना एक निवेदन सादर केले. चार्ल्स डार्विन, टॉमस हक्सली, जॉर्ज बेंथम हे त्यांच्यापैकीच. यांतील कोणीही म्यूझियमचा पगारी सेवक नव्हता. त्यांचे म्हणणे दुहेरी होते: लोकांना दाखवावयाच्या निवडक वस्तू आणि अभ्यासकांसाठीचा विपुल संग्रह हे वेगळे ठेवावेत, आणि सर्व विभाग मंत्र्याला थेट जबाबदार अशा एकाच प्रमुखाच्या स्वाधीन करावेत.

हा सल्ला त्या वेळी मानला गेला नाही. ओवेन यांना भव्य प्रदर्शन हवे होते. प्रचंड देवमाशालाही त्यात जागा असावी, असा त्यांचा आग्रह. १८६२ साली त्यासंबंधीचे विधेयक कॉमन्स सभेने फेटाळले. अखेर १८८१ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील नवी वास्तू उघडली, पण सत्ता जुन्याच विश्वस्तांकडे राहिली. पुढे १८८४ साली विल्यम फ्लॉवर संचालक झाले आणि प्रदर्शन व अभ्याससंग्रह यांची फारकत त्यांनी प्रत्यक्षात आणण्यास आरंभ केला. स्वतंत्र विश्वस्त मंडळ मिळण्यास तर १९६३ चा कायदा यावा लागला. निवेदनाला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती.

१८८५ साली याच वास्तूत डार्विन यांचा पुतळा बसविण्यात आला आणि तो संग्रहालयाच्या स्वाधीन करण्याचा मान निवेदनावर सही करणाऱ्या हक्सली यांना मिळाला. सल्लागाराच्या हाती सत्ता नसते, खजिनाही नसतो. पदाची आशा वा भीती नसल्यामुळे प्रशासकाला अप्रिय वाटणारे सत्य तो बोलू शकतो, एवढेच त्याचे बळ. ते वेळीच ऐकणे मात्र प्रशासकाच्या हाती असते. आणि न ऐकल्याची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात.