नीट दिसत असतानाही डोळे का तपासावेत? चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू आणि काचबिंदू समजून घ्या

एक साधा प्रयोग करून पाहा. चष्मा असेल तर तो लावा, एक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तारखा वाचा. मग दुसरा डोळा झाकून त्याच तारखा पुन्हा वाचा. दोन्ही वेळा सारखंच स्वच्छ दिसायला हवं. एका डोळ्याची नजर कमी झाली आहे हे अनेकांना अशाच वेळी पहिल्यांदा कळतं. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, त्यामुळे रोजच्या कामात काही अडत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे. जो त्रास लगेच जाणवतो, तो बहुतेक वेळा चष्म्याने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने दूर होतो. कायमची दृष्टी नेणारे काही मोठे आजार मात्र सुरुवातीला दुखत नाहीत, खुपत नाहीत आणि नजरही कमी करत नाहीत. ते फक्त तपासणीत सापडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीची काही ना काही समस्या आहे. त्यातल्या किमान १०० कोटी लोकांचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर उपचार अजून व्हायचे आहेत.

चष्म्याचा नंबर म्हणजे नेमकं काय?

डोळ्यात शिरणारा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एकत्र यावा लागतो. तो बरोबर तिथे आला नाही की चित्र अंधुक दिसतं. याचे मुख्य प्रकार चार आहेत.

- ऱ्हस्वदृष्टी (मायनस नंबर): डोळ्याचा गोल थोडा लांब असतो आणि प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो. जवळचं दिसतं, लांबचं पुसट दिसतं.
- दीर्घदृष्टी (प्लस नंबर): डोळा आखूड असतो. जवळचं काम करताना डोळ्यांवर ताण येतो, डोकं दुखतं.
- सिलिंड्रिकल नंबर: डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा गोलावा सगळ्या दिशांना सारखा नसतो. त्यामुळे अक्षरं दुहेरी किंवा ओढल्यासारखी दिसतात.
- चाळिशी: वयानुसार डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते. वर्तमानपत्र हळूहळू हातभर लांब धरावं लागतं. हे सगळ्यांनाच होतं. याच वयात हा चष्मा लागतो म्हणून मराठीत त्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात.

रस्त्यावर किंवा दुकानात तयार मिळणारी चाळिशी लावली की अक्षरं दिसू लागतात आणि विषय तिथेच संपतो. पण डोळ्यांचे गंभीर आजारही चाळिशीनंतरच वाढू लागतात. त्यामुळे वाचायला त्रास होऊ लागणं, हे डोळ्यांची पहिली पूर्ण तपासणी करून घेण्याचं चांगलं निमित्त आहे.

लहान मुलं तक्रार का करत नाहीत?

जन्मापासून अंधुक दिसत असेल तर मुलाला जग तसंच असतं असं वाटतं. ते काही सांगत नाही, म्हणून पालकांनी खुणा ओळखायच्या असतात: टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसणं, डोळे बारीक करून पाहणं, मान तिरकी करणं, फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं.

एकाच डोळ्याला जास्त नंबर असेल किंवा तिरळेपणा असेल तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात. चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून या डोळ्याला कामाला लावता येतं. पण हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर सर्वात चांगला लागू पडतो. वय वाढेल तसा सुधारणेला वाव कमी होतो. तिरळेपणा 'मोठेपणी आपोआप जाईल' किंवा 'तो शुभ असतो' असं म्हणत वाट पाहण्याची किंमत मूल आयुष्यभर मोजतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये मुलांची आरोग्य तपासणी होते, त्यात नजरेचीही प्राथमिक चाचणी असते. तिथे चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये. मुलांनी रोज सुमारे दोन तास उघड्यावर खेळल्यास मायनस नंबर लागण्याचा धोका कमी होतो, असंही संशोधनात दिसलं आहे.

मोतीबिंदू: गेलेली नजर परत येते

डोळ्यातलं भिंग हळूहळू गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू. धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, रंग फिके वाटतात, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर फाकतात, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. कधीकधी एक फसवी खूणही दिसते. वर्षानुवर्षं चाळिशी लावणाऱ्या आजी अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचू लागतात आणि घरात कौतुक होतं. प्रत्यक्षात भिंग घट्ट होऊन त्याची ताकद बदललेली असते आणि ती मोतीबिंदूची सुरुवात असू शकते.

२०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होतं. म्हणजे त्यातल्या बहुतेकांची नजर शस्त्रक्रियेने परत येण्याजोगी होती. गढूळ भिंग काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसवलं जातं. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

'मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा' हा समज जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. उलट फार पिकू दिल्यास शस्त्रक्रिया अवघड होते आणि काही वेळा डोळ्यातला दाबही वाढतो. कोणत्याही थेंबाने मोतीबिंदू विरघळत नाही.

काचबिंदू: गेलेली नजर परत येत नाही

नाव मोतीबिंदूसारखंच, पण आजार पूर्ण वेगळा. काचबिंदूमध्ये डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. बहुतेक वेळा डोळ्याच्या आतला दाब वाढलेला असतो. काही जणांमध्ये मात्र दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही नस खराब होते. नजर कडेकडून कमी होत जाते आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. त्यामुळे माणूस वाचतो, गाडी चालवतो, तक्त्यावरची शेवटची ओळही सांगतो. बाजूने आलेली सायकल दिसली नाही, उंबऱ्याला पाय अडखळला, अशा गोष्टी घडू लागतात तोवर नसेचा मोठा भाग गेलेला असतो.

नावांच्या सारखेपणातून एक घातक गैरसमज होतो: 'बिंदूच आहे ना, पुढे कधीतरी ऑपरेशन करू.' मोतीबिंदूत थांबल्याने बहुतेक वेळा गैरसोय वाढते. काचबिंदूत थांबल्याने गेलेली नजर कायमची जाते. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रियेने उरलेली नजर वाचवता येते, इतकंच. दक्षिण भारतात घरोघरी झालेल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू आढळलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं.

चाळिशी उलटलेले, घरात काचबिंदू असलेले, मोठा मायनस नंबर असलेले, डोळ्याला पूर्वी मार लागलेले आणि स्टेरॉइड दीर्घकाळ घेणारे यांना धोका जास्त असतो. डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचेच थेंब आणण्याची सवय इथे महागात पडते. त्यात स्टेरॉइड असेल आणि ते महिनोन्महिने घातले तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

मधुमेह असेल तर

रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की रेटिनातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यातून द्रव झिरपतो, रक्तस्राव होतो, पुढे नव्या नाजूक वाहिन्या फुटतात. सुरुवातीला नजर अगदी ६/६ असू शकते. म्हणून टाइप २ मधुमेहाचं निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करायला सांगितलं जातं. वेळेत सापडल्यास लेझरने किंवा डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनने बरीचशी नजर टिकवता येते.

पूर्ण तपासणीत काय होतं?

चष्म्याच्या दुकानात साधारणपणे नंबर काढला जातो. पूर्ण तपासणी त्याहून बरीच मोठी असते.

१. तक्त्यावरची अक्षरं प्रत्येक डोळ्याने वेगवेगळी वाचून घेतात. ६/६ म्हणजे सामान्य नजरेला ६ मीटरवरून जे दिसतं ते दिसणं. ६/६० म्हणजे सामान्य नजरेला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवर आल्यावर दिसणं.
२. चष्म्याचा नंबर तपासतात.
३. डोळ्याचा दाब मोजतात.
४. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा व नस पाहतात.

थेंबांनंतर काही तास जवळचं पुसट दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नये. गॉगल सोबत ठेवावा.

कोणी, कधी तपासावं?

- मुलं: शाळेत घालण्यापूर्वी, साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा. तिरळेपणा किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसली तर कोणत्याही वयात, लगेच.
- चष्मा असलेली मुलं: वर्षातून एकदा किंवा डॉक्टर सांगतील तसं.
- वय ४०: काहीही त्रास नसला तरी एकदा पूर्ण तपासणी, त्यानंतर साधारण दर दोन वर्षांनी.
- साठीनंतर: दरवर्षी.
- मधुमेह किंवा घरात काचबिंदू असल्यास: वयाची वाट न पाहता, डॉक्टर सांगतील त्या अंतराने.

मोबाइलमुळे डोळे जातात का?

स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, जड होतात. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहणं आणि मुद्दाम पापण्या मिटत राहणं यांनी आराम पडतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांमुळे हा ताण कमी होतो याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे

- एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं
- डोळ्यासमोर एकाएकी काळे ठिपके वाढणं, वीज चमकल्यासारखं होणं, बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं
- डोळा लाल होऊन खूप दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं, सोबत उलटी होणं
- डोळ्याला मार लागणं

डोळ्यात चुना, ॲसिड किंवा साफसफाईचं रसायन गेलं तर आधी किमान १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मग तडक रुग्णालय गाठावं.

तपासणीचे जुने कागद जपून ठेवावेत. नस किंवा पडदा किती बदलला हे मागच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावरच नीट कळतं. घरात कोणाला काचबिंदू निघाला तर भावंडांना आणि मुलांना तो आजार सांगावा, कारण त्यांचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट जास्त असतो आणि त्यांना अजून सगळं नीट दिसत असतं.